सांगितल्याशिवाय काही होत नाही : किशोरवयीन मुले आणि घरकाम, एक प्रकरण अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. किशोरवयीन मुलांच्या पालकांकडून वारंवार ऐकू येणाऱ्या तक्रारी, घरोघरी करून पाहिले जाणारे उपाय आणि त्यांचे सर्वसाधारणपणे दिसणारे परिणाम एका कुटुंबात एकत्र आणून ते उभे केले आहे. कुटुंब चौघांचे आहे: नोकरी करणारे आई-वडील, 16 वर्षांची मुलगी आणि 13 वर्षांचा मुलगा. घरात कुणाचे मोठे आजारपण नाही, आर्थिक ओढाताण नाही आणि दोन्ही मुलांचा अभ्यास व मित्रपरिवार व्यवस्थित आहे. हा शेवटचा तपशील मुद्दाम नोंदवला आहे, कारण एरवी कामाला हात लावणारे मूल अचानक सगळ्यांतून अंग काढून घेऊ लागले, झोप-भूक बदलली, मित्रांनाही टाळू लागले, तर तो प्रश्न घरकामाचा राहत नाही आणि त्याची चौकशी आधी व वेगळी व्हायला हवी. या घरात तसे काही नव्हते. मुले धडधाकट होती, आनंदी होती आणि घरातली कामे करत नव्हती.

तक्रार कुणाची आणि काय

आईचे म्हणणे असे होते की सांगितल्याशिवाय कुणी जागचे हलत नाही, आणि सांगितले की तीच कटकटी ठरते. वडिलांच्या मते मुलांना वळण लागलेले नाही आणि त्याला आईचे लाड कारणीभूत आहेत. मुलीची तक्रार नेमकी होती: काम निघाले की हाक तिलाच येते, भावाला येत नाही. मुलाची काहीच तक्रार नव्हती, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो घरात पुष्कळ काम करत होता.

हा गैरसमज केवळ त्याचा नव्हता. चौघांना एकमेकांचे न पाहता आपापला वाटा शंभरपैकी किती, हे लिहायला सांगितले, तेव्हा आईने 70, वडिलांनी 35, मुलीने 25 आणि मुलाने 20 लिहिले. बेरीज 150 झाली. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विवाहित जोडप्यांना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला होता आणि तेथेही दोघांच्या अंदाजांची बेरीज शंभराच्या वर गेली होती. त्यात लबाडी असतेच असे नाही. आपण केलेले काम आपल्याला आठवते, दुसऱ्याने केलेले बहुधा आपल्या डोळ्यांआड होते. म्हणूनच ‘मी किती करते आणि तुम्ही किती करता’ या मुद्द्यावर सुरू झालेला वाद कुठेही पोचत नाही; प्रत्येक जण आपल्या हिशेबाने खराच असतो.

त्यानंतर आठवडाभरातल्या कामांची यादी केली गेली, आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करते याबरोबरच ते करायचे आहे हे कुणाच्या लक्षात येते, असाही एक रकाना ठेवला. पहिल्या रकान्यात चौघांचीही नावे होती. मुलगा कचरा खाली नेत होता, मुलगी कपडे वाळत घालत होती, वडील महिन्याचे सामान आणत होते. दुसऱ्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच नाव होते. कचऱ्याचा डबा भरला आहे हे आईने पाहायचे, मुलाला सांगायचे, तो उठला की नाही याकडे लक्ष ठेवायचे आणि डब्यात नवी पिशवी घातली का तेही बघायचे. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात घरातल्या या अदृश्य कामाचे चार भाग सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणे, ती भागवण्याचे मार्ग शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे त्यावर देखरेख ठेवणे. त्यांचा अभ्यास जोडप्यांविषयी होता, पण या घरातली गाठ त्यातून नीट दिसते. मुलांकडून फक्त हातांचे काम मागितले जात होते, आणि लक्षात येण्यापासून देखरेखीपर्यंतचे सगळे आईकडेच राहत होते. अशा व्यवस्थेत मूल स्वतःहून उठत नाही यात आश्चर्य काही नाही, कारण आठवण ठेवणे हा त्या कामाचा भाग आहे असे त्याला कधी जाणवलेलेच नसते.

रात्रीच्या भांड्यांचा प्रसंग

घरातली धुसफुस सर्वांत जास्त जेथे होत होती ते काम म्हणजे रात्रीची भांडी. ते मुलाकडे दिलेले होते, निदान कागदावर तरी. साधारण कोणत्याही संध्याकाळी घडणारा क्रम असा होता. जेवण संपते, मुलगा हात धुऊन खोलीत जातो. दहा मिनिटांनी आई म्हणते, “अरे, भांडी.” आतून उत्तर येते, “करतो ना, थांब.” आणखी थोड्या वेळाने तेच वाक्य जरा वरच्या पट्टीत. उत्तर तेच. तिसऱ्या खेपेला आई दारात येऊन उभी राहते आणि गेल्या आठवड्यातल्या दोन रात्री, परवाचा पसारा, शाळेतून आलेली तक्रार असे सगळे एकामागून एक निघते. मुलगा म्हणतो, “तू सारखी ओरडत असतेस म्हणून मला काही करावंसंच वाटत नाही.” त्यानंतर दोनपैकी एक होते. एक तर आई तणतणत जाऊन भांडी घासून टाकते, किंवा मुलगा आदळआपट करत उठतो आणि पाच मिनिटांत परत येतो. पेल्यांच्या तळाशी साबणाचा फेस तसाच, सिंकच्या जाळीत खरकटे, ओटा ओला आणि सर्वांत मोठे भांडे ‘भिजत घातलंय’ म्हणून कडेला.

जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांतील संघर्षांचा दीर्घकाळ अभ्यास करून अशा क्रमाचे जे वर्णन केले आहे ते येथे तंतोतंत लागू पडते. पालक मागणी करतात, मूल विरोध करते, दोघांचे आवाज चढतात आणि एक जण माघार घेतो. आईने भांडी घासली की भांडण थांबते, म्हणून तिला सुटल्यासारखे वाटते. मुलाचे काम टळते, म्हणून ताणून धरणे फायद्याचे असते हे तो शिकतो. उलट आई पुरेशी ओरडली की मुलगा उठतो, म्हणून ओरडल्याशिवाय चालत नाही हे तीही शिकते. शेवट कोणताही झाला तरी दुसऱ्या दिवशीचे भांडण त्याच रात्री पक्के होते. वडील याला आईचे लाड म्हणत होते, ते मला पटत नाही. त्या जागी रोज उभे राहणारे कुणीही थोड्या दिवसांत असेच वागू लागेल.

या प्रसंगातला आणखी एक धागा सुटू नये. तिसऱ्या हाकेनंतर वाद भांड्यांचा राहिलेलाच नव्हता. आपल्याला आता, या क्षणी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून उठायचे आहे, याला मुलाचा विरोध होता. जॅक ब्रेहम यांनी 1966 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार आपल्या निवडीवर गदा येते आहे असे वाटले की माणूस ती परत मिळवण्यासाठी उलट वागू लागतो, मग मुळात त्याला त्या गोष्टीचे फारसे वावडे नसले तरीही. किशोरवयात हे अधिक जाणवते, कारण स्वतःच्या वेळेवर आणि वागण्यावर स्वतःचा ताबा मिळवणे हेच त्या वयाचे मोठे काम असते.

आधी करून पाहिलेले उपाय

पहिला उपाय फ्रिजवर लावलेला तक्ता. त्यात वार, नावे आणि खुणा करायचे चौकोन होते. तो आईने एकटीने बनवला होता आणि खुणा झाल्या का हेही तीच बघत होती, म्हणजे तिच्या कामांत आणखी एकाची भर पडली. तक्ता महिनाभरही टिकला नाही.

दुसरा उपाय पैशांचा होता आणि तो वडिलांचा. प्रत्येक कामाला ठरावीक रक्कम, आठवड्याच्या शेवटी हिशेब. सुरुवातीला दोन्ही मुले उत्साहाने कामाला लागली. पुढे मुलीने शांतपणे सांगितले की या आठवड्यात तिला पैशांची गरज नाही, त्यामुळे ती काम करणार नाही. वडील संतापले, पण तिच्या बोलण्यात तर्कदोष काढता येत नव्हता; कामाला भाव लावला की नको तेव्हा ते न घेण्याचा हक्कही आपोआप मिळतो. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेला पाळणाघरांचा प्रयोग याच जातीचा आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड रद्द केल्यानंतरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. पूर्वी जी संकोचाची गोष्ट होती ती दंडामुळे विकत घेता येण्याजोगी सोय झाली.

बक्षिसांविषयी बोलताना मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या 1973 मधील अभ्यासाचा दाखला बहुतेक वेळा दिला जातो. चित्रे काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिले, तेव्हा नंतर ती मुले आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली. हा दाखला घरकामाला सरळ लावणे मात्र बरोबर नाही, कारण भांडी घासण्याची आवड मुळात कुणाला असते? जी गोष्ट आवडतच नाही तिची आवड बक्षिसाने मरेल कशी? अधिक जवळचा पुरावा फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेल्लो यांच्या 2008 मधील अभ्यासात आहे. त्यांनी 20 महिन्यांच्या मुलांना मदत केल्याबद्दल वस्तू दिल्या, आणि अशी बक्षिसे मिळालेली मुले पुढे इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे मदत करण्याची ओढ फार लहानपणीच असते आणि मोबदल्याने ती सैल होऊ शकते. रांगत्या-चालत्या वयातले निष्कर्ष 13 वर्षांच्या मुलावर जसेच्या तसे लादता येणार नाहीत, तरी पैशांचा मार्ग निवडण्याआधी दोनदा विचार करायला ते पुरेसे आहेत.

तिसरा उपाय मोबाइल काढून घेण्याचा. त्याने कामे झाली, पण मोबाइल परत मिळेपर्यंतच, आणि घरातला अबोला वाढला.

जे बदलले

कुटुंब एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बसले. वेळ मुद्दाम अशी निवडली होती की कोणतेही काम त्या क्षणी अंगावर पडलेले नसेल. प्रस्ताव एवढाच होता की यापुढे कुणी कुणाच्या हाताखाली काम करायचे नाही; प्रत्येकाने काही कामे पूर्णपणे, म्हणजे लक्षात येण्यापासून संपेपर्यंत, स्वतःकडे घ्यायची. यादी सर्वांसमोर होती आणि निवड मुलांनी करायची होती, मात्र काहीच न निवडण्याची सोय नव्हती.

आईच्या मनात एक वाटणी तयार होती: मुलीकडे स्वयंपाकघर, मुलाकडे कचरा आणि बाहेरची कामे. मुलीने तिथेच हरकत घेतली आणि ती रास्त होती. युनिसेफने 2016 मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीप्रमाणे जगभरात 5 ते 14 वर्षांच्या मुली त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा घरकामाला 40 टक्के अधिक वेळ देतात. आपल्या घरात तसे काही नाही, असे आई-वडिलांना मनापासून वाटत होते. पण यादीत रोजची, कंटाळवाणी, न दिसणारी कामे कुणाकडे आहेत आणि आठवड्यातून एकदा करून मोकळे होण्याची कामे कुणाकडे आहेत, हे पाहिल्यावर बोलायला फारसे उरले नाही. शेवटी मुलाने रात्रीची भांडी आणि ओटा स्वतःकडे घेतला, आणि तोही आपणहून, कारण स्वयंपाक त्याला त्याहून अवघड वाटत होता. मुलीने घरातले सगळे कपडे घेतले: धुवायला टाकणे, वाळवणे, घड्या, आणि धुण्याची पावडर संपत आल्याची दखल घेणे. बाथरूम आळीपाळीने. आठवड्यातून एका रात्रीचा स्वयंपाक दोघांनी मिळून करायचा, काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे.

आपापल्या खोल्यांचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला गेला. ज्युडिथ स्मेटाना यांच्या अभ्यासांतून दिसलेली गोष्ट अशी की पालक आणि किशोरवयीन मुले एकाच पसाऱ्याकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहतात; पालकांना तो घराच्या रीतीचा प्रश्न वाटतो, मुलांना तो स्वतःच्या खासगी हद्दीचा वाटतो. ज्या जागेवर मालकी कुणाची यावरच एकमत नाही तेथे लढाई सुरू केली, तर सामाईक जागेतली जिंकता येण्याजोगी लढाईही हातची जाते. दुसरा आधार ग्रुसेक, गुडनाऊ आणि कोहेन यांच्या 1996 मधील संशोधनाचा. नेहमीचे म्हणून, न सांगता केलेले आणि सर्वांच्या उपयोगाचे काम करणाऱ्या मोठ्या मुलांमध्ये इतरांविषयीची आस्था अधिक आढळली. केवळ स्वतःपुरत्या कामांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. असा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवूनही, स्वतःचे अंथरूण आवरण्यापेक्षा सर्वांची भांडी घासणे पहिल्यांदा सोपवावे, याला तो बळ देतो.

मग आला सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग: भांडी ‘झाली’ असे कधी म्हणायचे? आईच्या मते भांडी पुसून जागच्या जागी गेली म्हणजे. मुलाच्या मते घासली म्हणजे. या एका मुद्द्यावर बराच वेळ गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही, कारण आजवरची निम्मी भांडणे याच मुद्द्यावरून होत होती आणि तो कधी कुणी उघड बोलून दाखवला नव्हता. ठरले ते असे: सिंक रिकामे, जाळी स्वच्छ, ओटा पुसलेला, भांडी निथळत पालथी, करपलेले एखादे भांडे रात्रभर भिजले तरी चालेल, पण सकाळी शाळेला निघण्यापूर्वी ते घासलेले असेल. मुदत जेवणानंतर लगेचची नसून झोपण्यापूर्वीची. आईला हे जड गेले. स्वयंपाकघर आवरल्याशिवाय आपल्याला बसवत नाही, असे ती म्हणाली. पण ते बसवत नसणे तिचे होते, त्याचे नव्हे, आणि मुदत दोन तासांनी पुढे सरकताच रोजच्या तीन हाकांचे कारणच नाहीसे झाले. सकाळच्या वेळेचा पर्याय वडिलांनी सुचवला होता, तो मुलांनी नाकारला आणि ते योग्यच झाले. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, झोप उशिरा येते, आणि 13 ते 18 या वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. शाळेच्या सकाळीत आणखी एक काम कोंबणे म्हणजे अपयशाची तजवीज करणे.

विसरण्यावर उपाय म्हणून मुलाने एक वाक्य ठरवले: “रात्री दात घासायला उठलो की आधी स्वयंपाकघरात जाईन.” पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ या धाटणीच्या संकल्पांचा आढावा घेतला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा ते अधिक वेळा अमलात येतात, कारण आठवण करून देण्याचे काम ठरलेला प्रसंगच करतो. येथे ते काम आईकडून काढून घेतले गेले, हा त्याचा खरा उपयोग.

अडथळे

पहिले काही दिवस बरे गेले. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मुलगा खेळता खेळता झोपी गेला आणि सिंक भरलेले राहिले. ठरल्याप्रमाणे कुणी आठवण करायची नव्हती आणि कुणी ते काम करायचेही नव्हते. आईने स्वतःला आवरले. सकाळी मात्र भांडी लखलखीत होती, कारण “एवढ्याशा कामावरून सकाळी भांडण नको” म्हणून वडिलांनी मध्यरात्री गुपचूप घासून टाकली होती. सगळ्या प्रयोगातला सर्वांत मोठा धक्का मी यालाच म्हणेन. मुलाने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला आणि पुढच्या चारपैकी तीन रात्री सिंक भरलेलेच राहिले. शिस्तीची भाषा सर्वांत जास्त बोलणारा माणूस ऐनवेळी सर्वांत आधी विरघळतो, हे इतर घरांतही दिसते; त्याला रोजची झळ लागलेली नसते, म्हणून एका रात्रीची दया त्याला परवडते.

वडिलांशी बोलणे झाल्यावर पुढच्या वेळी भांडी तशीच राहू दिली गेली. सकाळी न्याहारीला लागणारे भांडे खरकटे होते. आईने मुलाला एवढेच सांगितले की ते घासले की न्याहारी होईल. तो घाईघाईत घासू लागला, चिडला, बस चुकता चुकता राहिली. कुणी व्याख्यान दिले नाही. येथे सर्वांत अवघड काम गप्प बसण्याचे होते, आणि ते आईने पार पाडले.

दुसरा अडथळा दर्जाचा. मुलाने घासलेली भांडी तेलकट राहत आणि आई ती त्याच्या पाठीमागे पुन्हा घासत असे. त्याने एकदा पाहिले आणि तेव्हापासून तो अधिकच वरवर घासू लागला. कुणीतरी पुन्हा घासणारच असेल तर मन लावून का घासायचे? आईने हे थांबवायचे आणि काही सांगायचे असल्यास आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी सांगायचे, असा तोडगा निघाला. त्या बोलण्यात एक साधी गोष्ट उघड झाली: त्याला भांडी घासायला कुणी कधी शिकवलेच नव्हते. तो तेलकट भांडी आधी घेत असे, त्याच तेलकट घासणीने पेले घासत असे आणि साबण भरमसाट वापरून तो धुऊन काढताना कंटाळत असे. आईने एक रात्र शेजारी उभे राहून क्रम दाखवला: खरकटे काढून टाकायचे, पेले आणि वाट्या आधी, ताटे मग, तेलकट शेवटी आणि त्यांच्यासाठी गरम पाणी. आळस म्हणून ज्याची नोंद झाली होती ते निदान अर्धे तरी न येण्यामुळे होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीत माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: स्वतःचे चालते ही भावना, आपल्याला हे जमते ही भावना आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. घरोघरी पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर पुष्कळ बोलले जाते. घासणी कशी धरायची हे दाखवायचे राहून जाते.

बाथरूमच्या बाबतीत तर शिकवणे हा सुरक्षिततेचाच प्रश्न होता. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रव मिसळले तरी घातक वायू निघतात. मुलीने हे पहिल्यांदाच ऐकले होते. एकावेळी एकच द्रव, खिडकी उघडी आणि हातमोजे, एवढे नियम बाटल्यांच्या कपाटाच्या दारावर लिहून लावले गेले.

कपड्यांचे काम मुलीने सर्वांत लवकर आत्मसात केले. एकदा रंग लागून वडिलांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. वडील बोलले, ती म्हणाली, “बाबा, मग पुढच्या वेळी तो तुम्ही वेगळा काढून ठेवा,” आणि विषय तेथेच संपला.

परीक्षांच्या दिवसांत काम माफ करावे का, यावर दोन मते होती. वडील माफीच्या बाजूने होते. ठरले ते वेगळे: माफी नाही, अदलाबदल. ज्याची परीक्षा असेल त्याचे काम दुसऱ्याने घ्यायचे आणि ते नंतर फेडायचे. पालकांच्या कामाच्या गर्दीच्या दिवसांनाही हाच नियम लागू झाला, आणि त्यामुळे मुलांना तो न्याय्य वाटला. हातखर्च कामांपासून तोडला गेला. तो ठरल्या दिवशी मिळतो, काम झाले असो वा नसो. माळा उपसणे किंवा जुने सामान निकालात काढणे अशी एरवी कुणाच्याच वाट्याला न येणारी एखादी कामे मात्र मोबदल्यावर देता येतील, अशी सोय ठेवली.

सहा महिन्यांनंतरची स्थिती

रात्रीची भांडी आठवड्यातल्या बहुतेक रात्री होतात. होत नाहीत त्या रात्री सकाळी होतात. आईचे प्रत्यक्ष कामाचे तास तिला वाटले होते तेवढे कमी झाले नाहीत; कमी झाले ते सांगणे आणि लक्ष ठेवणे, आणि तिच्या मते मोठा फरक तोच आहे. मुलीची हाक फक्त तिलाच येण्याची तक्रार गेली. दोघांनी मिळून करायच्या स्वयंपाकाचा बेत मात्र फसला. एक जण करायचा आणि दुसरा टोमणे मारायचा. आता ते एकाआड एक आठवडा स्वतंत्रपणे करतात आणि मुलाच्या आठवड्यात तोच एक पदार्थ येतो.

मुलाची खोली जशी होती तशीच आहे. तीविषयी दोनच अटी ठेवल्या गेल्या: खाल्लेली ताटल्या-भांडी तेथे रात्रभर राहणार नाहीत, आणि धुवायचे कपडे टोपलीत आले तरच धुतले जातील. दुसऱ्या अटीची अंमलबजावणी बहिणीकडे असल्यामुळे ती काटेकोर आहे.

वडिलांचा वाटा हा उरलेला प्रश्न. नव्या यादीतही लक्षात ठेवण्याच्या रकान्यात त्यांचे नाव दोनदाच येते, आणि ते पहिल्यांदा बोलून दाखवले मुलीने. पुढच्या वर्षी तिची शाळा संपेल आणि बहुधा ती शिकायला बाहेर राहील. तेव्हा कपड्यांचे काम मोकळे होईल. ते आपोआप आईकडे परत जाऊ नये म्हणून ती जाण्यापूर्वीच वडिलांनी शिकून घ्यायचे, असे गेल्या बैठकीत ठरले आहे. मशीनची बटणे त्यांना अजून मुलगीच लावून देते.